पिंप आणि मडके

गेल्या दिवाळीत देवासला एका आप्ताच्या घरी जपानी व्हिस्कीची बाटली उघडली गेली. मुरलेले मद्य अखेरचे काही महिने लाल वाइनच्या रिकाम्या पिंपांत ठेवून ती तयार केलेली होती. मनुकांचा गोडवा, जांभळाचा तुरटपणा आणि शेवटी ओल्या लाकडाचा वास, असा तिचा स्वाद आम्हांस जाणवला. मंडळींनी मनापासून कौतुक केले, आम्हीही केले. परंतु धारला परतताना मन भलतीकडेच गेले.

जपानी व्हिस्कीची वंशावळ फार जुनी नाही. मासाताका ताकेत्सुरु हा तरुण 1918 मध्ये स्कॉटलंडला गेला आणि तेथील भट्ट्यांत विद्या शिकून 1920 मध्ये परतला. पुढे शिंजिरो तोरी यांनी 1923 मध्ये क्योतोजवळ यामाझाकी येथे भट्टी उभारण्यास घेतली. त्यांची 1929 मधील पहिली व्हिस्की लोकांस रुचली नाही, तरी त्यांनी उद्योग सोडला नाही. युद्धकाळात परदेशी पिंपे दुर्मीळ झाली, तेव्हा मिझुनारा हा स्वदेशी ओक कामी आला. त्याची पिंपे पाझरतात, पण मद्यास चंदनासारखा गंध देतात. भट्टीतून उतरलेले मद्य पाण्यासारखे रंगहीन असते. रंग आणि बराचसा सुगंध त्यास लाकडातून मिळतो. त्यासाठी मात्र वर्षानुवर्षांचे स्वास्थ्य आणि कायद्याचे अभय लागते.

आपल्या शेजारी, कुक्षीपलीकडे आलीराजपूरच्या वाटेवर, फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले गळतात. भिल्ल कुटुंबे ती वेचतात, सुकवतात, आंबवतात आणि मडक्यांतून दारू गाळतात. जन्म, लग्न, मृत्यू, देवकार्य, कशातही ती चुकत नाही. पण ती मुरवून ठेवावी कोणी? मर्यादेपलीकडे साठा सापडला की गुन्हा. मुंबई इलाख्यात 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्याकडे मोहफुलांच्या साठ्यावरच बंधन आले. आपल्या संस्थानांतही अबकारी हे राजस्वाचे अंग होते, आणि ते हिशेब लिहिणारे हात पुष्कळदा आपल्याच वाडवडिलांचे होते.

आम्हीही त्याच परंपरेतले. सेवेत असताना एका पाड्यावरील धाडीच्या पंचनाम्यावर आमची सही आहे. मडकी फुटली, दारू मातीत जिरली. एक वृद्धा एवढेच म्हणाली की ती देवासाठी होती. त्याच रात्री विश्रामगृहात आमच्यापुढे परवान्याच्या दुकानातील बाटली होती, आणि त्यात आम्हांस काही विपरीत वाटले नाही. आज वाटते. त्या सहीने कायदा पाळला गेला. न्याय झाला, असे म्हणवत नाही.

नोव्हेंबर 2021 मध्ये मध्य प्रदेश शासनाने मोहाच्या दारूस 'हेरिटेज मद्य' म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली. त्यानंतर आलीराजपूर आणि दिंडोरी जिल्ह्यांत आदिवासी बचत गटांनी ती कायदेशीररीत्या बाटलीत भरण्यास आरंभ केला. मद्याची भलावण करण्याचा आमचा हेतू नाही. त्याने उद्ध्वस्त झालेली घरेही आम्ही पाहिली आहेत. प्रश्न मानाचा आहे. परक्या पिंपाचा वास आपण डोळे मिटून घेतो आणि शेजारच्या मडक्यापाशी नाकाला रुमाल लावतो.

ज्या वाचकांच्या घरी संस्थानी अबकारीचे मोडी कागद असतील, त्यांनी ते वाळवीच्या स्वाधीन करू नयेत. त्यांत आपला इतिहास आहेच. ज्यांची मडकी फुटली, त्यांचाही आहे.