बहुमुख प्राणी

एकापेक्षा अधिक मुखे असलेल्या प्राण्यांसाठी प्राणिविज्ञानात वापरलेली संज्ञा. ‘पॉलिस्टोम’ हे तिचे मूळ रूप ग्रीक असून त्याचा अर्थ ‘पुष्कळ तोंडांचा’ असा आहे. १९ व्या शतकात टी. एच. हक्सली यांनी स्पंजांना या गटात घातले. पण स्पंजाच्या अंगावरची असंख्य छिद्रे पाणी आत घेण्याची द्वारे आहेत; त्यांना तोंड म्हणणे आज कोणी मान्य करत नाही.

या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धनी पॉलिस्टोमा हा चपटा परजीवी कृमी. युरोपातील बेडकाच्या मूत्राशयात तो राहतो. त्याच्या मागच्या टोकाला सहा वाटोळे चूषक आणि आकड्यांची एक जोडी असते. या चूषकांनी तो मूत्राशयाच्या भिंतीला घट्ट धरून राहतो. जुन्या निरीक्षकांना तीच तोंडे वाटली! खरे तोंड एकच, तेही दुसऱ्या टोकाला; त्यातून तो बेडकाचे रक्त शोषतो. त्याचे जीवनचक्र थक्क करणारे आहे. बेडूक वसंतात पाण्यात अंडी घालू लागला की हाही त्याच सुमारास अंडी सोडतो. त्यातून निघालेल्या अळ्या पोहत जाऊन भैकेराच्या कल्ल्यांना चिकटतात आणि भैकेराचा बेडूक होताना मूत्राशयात पोहोचतात.

संज्ञेला खरोखर शोभतात ते ऱ्हायझोस्टोमा व त्याचे भाईबंद जेलीफिश. त्यांचे मधले तोंड वाढीच्या काळात मिटते आणि जाड, झालरीदार मुखबाहूंवर शेकडो बारीक मुखे उघडतात. त्यांतून प्लवक आत ओढले जातात.