टिटवाळ्याचे देऊळ, माधवराव पेशवे आणि उद्योजकाच्या वहीतले कोरे पान

१/ टिटवाळ्याच्या महागणपतीला येणाऱ्या अनेकांना या देवळाचा थोरल्या माधवराव पेशव्यांच्या काळाशी असलेला संबंध ठाऊक नसतो. दुष्काळात तळ्याचा गाळ उपसताना मूर्ती सापडली आणि पेशव्यांचे सरदार रामचंद्र मेहेंदळे यांच्या हातून देऊळ उभे राहिले, असे परंपरा सांगते. आजचा धागा त्या पेशव्याच्या प्रकृतीविषयी आणि आपल्या काळातील उद्योजकांविषयी.

२/ १७६१. जानेवारीत पानिपत, जूनमध्ये नानासाहेबांचे निधन. १६ वर्षांच्या माधवरावांच्या हाती आले ते कर्जात बुडालेले राज्य. घरात महत्त्वाकांक्षी चुलते रघुनाथराव, दाराशी निजाम, दक्षिणेत हैदरअली. आजच्या भाषेत सांगायचे तर, डबघाईला आलेली पेढी सावरण्याचे काम.

३/ त्यांनी ती सावरली. १७६३ मध्ये राक्षसभुवनला निजामाचा पराभव, हैदरवर एकामागून एक स्वाऱ्या, १७६८ मध्ये धोडप येथे रघुनाथरावांचा बंदोबस्त. मात्र याच धामधुमीत क्षयाने शरीर पोखरत आणले होते.

४/ १७७० मध्ये कर्नाटकची मोहीम अर्ध्यावर सोडून त्यांना परतावे लागले. सूत्रे त्र्यंबकराव पेठे यांच्याकडे गेली आणि १७७१ मध्ये मोती तलावाच्या लढाईत हैदर हरला. उत्तरेत विसाजीपंत बिनीवाले व महादजी शिंदे यांच्या फौजांच्या बळावर जानेवारी १७७२ मध्ये बादशहा शाहआलम दिल्लीत परतला. कामे पार पाडणारी दुसरी फळी तयार होती, हे येथे लक्षात घ्यावे.

५/ पर्याय नव्हता तो शेवटचा शब्द देणाऱ्या माणसाला. मृत्यूपूर्वी माधवरावांनी नऊ कलमांची यादी करवली. तीत कर्जफेडीचा आग्रह होता. धाकटे बंधू नारायणराव यांना त्यांनी चुलत्यांच्या हाती सोपवले. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊर येथे, वयाच्या २७ व्या वर्षी, ते गेले. पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला.

६/ या गृहकलहाची झळ आपल्या परिसरालाही लागली. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला, १७८० मध्ये कल्याण. सालबाईच्या तहानंतरही साष्टी त्यांच्याकडेच राहिली. माधवरावांचा अकाली मृत्यू मराठी राज्याला पानिपताइतकाच घातक ठरला, अशा आशयाचे मत ग्रँट डफने नोंदवले आहे. एका मृत्यूवर सारे लादणे बरोबर नाही. पण ते मत निराधारही नाही.

७/ मग माधवरावांनी प्रकृतीची हेळसांड केली, असे म्हणावे का? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने जगापुढे मांडला तो १८८२ मध्ये. स्ट्रेप्टोमायसिन आले १९४३ मध्ये. त्यांच्या हाती उपायच नव्हता.

८/ आता खऱ्या अर्थाने उद्योजक असलेल्या माणसाकडे वळू. सोलापूरचे वालचंद हिराचंद : रेल्वेची कंत्राटे, १९१९ मध्ये सिंदिया जहाज कंपनी, पुढे साखर कारखाने, १९४० मध्ये बंगळूरला विमानांचा कारखाना, विशाखापट्टणमला जहाजबांधणी, मग मोटारी. १९४९ मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. १९५० मध्ये ते कारभारातून निवृत्त झाले, ८ एप्रिल १९५३ रोजी निवर्तले.

९/ वालचंदांच्या काळी रक्तदाब मोजता येत होता. पट्ट्याचे यंत्र १८९६ पासूनचे. परंतु तो आटोक्यात ठेवणाऱ्या, सर्वांना घेता येतील अशा गोळ्या १९५० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. म्हणजे पेशव्यांकडे उपाय नव्हता. वालचंदांच्या पिढीकडे मोजमाप होते, औषध अपुरे होते. आपल्याकडे दोन्ही आहेत. वारंवार मोजूनही १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला तर डॉक्टर गाठावा, इतके हे सोपे झाले आहे. आणि उच्च रक्तदाब बहुधा कोणतीही जाणीव न देता वाढतो. म्हणून ‘मला काही होत नाही’ हा पुरावा ठरत नाही.

१०/ हे लिहिण्याचे कारण घरातलेच आहे. बाबांचे टिटवाळ्यात छोटे हार्डवेअरचे दुकान आहे. तीस वर्षांत त्यांची रोजकीर्द एक दिवसही चुकलेली नाही. गेल्या दिवाळीत जुन्या वह्या आवरताना बिलांच्या गठ्ठ्यात त्यांचा रक्ततपासणीचा अहवाल सापडला : दोन वर्षांपूर्वीचा, साखर वाढलेली. त्यांनी तो कोणालाच दाखवला नव्हता. विचारले, तर म्हणाले, “सीझन चालू होता रे.”

११/ आता रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर आम्ही तीन रकाने आखले आहेत : रक्तदाब, साखर, चालणे. पहिल्या महिन्यात निम्मी घरे कोरीच राहिली. या महिन्यात चारच कोरी आहेत.

१२/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला साधनांवरून काळ ओळखायला शिकवतात. आपल्या घरात किंवा दुकानात कोणाचा अहवाल गठ्ठ्यात पडला आहे का, एवढे आज पाहावे. धागा समाप्त.