विस्तीर्ण देश, विरळ वस्ती आणि वेगवान गाडी

श्रोतेहो, शाळेच्या भिंतीवर टांगलेला जगाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. खाली उजव्या कोपऱ्यात ऑस्ट्रेलिया दिसेल. क्षेत्रफळ सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटर. आपल्या महाराष्ट्रासारखी पंचवीस राज्ये त्यात मावतील. आणि माणसे किती? सगळ्या देशात मिळून पावणेतीन कोटींच्या आसपास. एका चौरस किलोमीटरला चार माणसेसुद्धा नाहीत! अशा देशाने ताशी तीनशे किलोमीटर धावणारी आगगाडी बांधावी काय? हा वाद तिथे चाळीस वर्षांवर चालू आहे. आज आपण त्याचा थोडा मागोवा घेऊ.

सुरुवात अगदी जुन्या काळापासून करू. आपल्याकडे १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली. त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातही रुळांची बोलणी चालू होती. तेव्हा तो एक देश नव्हता; इंग्रजांच्या निरनिराळ्या वसाहती होत्या. न्यू साउथ वेल्सने आधी पाच फूट तीन इंचांचे रूळ ठरवले. शेजारच्या व्हिक्टोरियाने त्याच मापाच्या सामानाची मागणी नोंदवली. पुढे न्यू साउथ वेल्सचा इंजिनिअर बदलला. नव्या साहेबांनी चार फूट साडेआठ इंचांचे माप धरले. व्हिक्टोरिया म्हणाली, आता आम्ही मागे फिरणार नाही. तिकडे क्वीन्सलँडने खर्च वाचवायला तिसरेच, साडेतीन फुटांचे माप घेतले.

याचा परिणाम काय झाला? १८८३ साली सिडनी आणि मेलबर्न या दोन मोठ्या शहरांचे लोहमार्ग सरहद्दीवर एकमेकांना भेटले खरे, पण आल्बरी स्टेशनावर उतारूंना गाठोडी उचलून दुसऱ्या गाडीत बसावे लागे. मराठवाड्यात जाणाऱ्यांना पूर्वी मनमाडला मोठ्या रुळांची गाडी सोडून लहान रुळांची धरावी लागे, ती आठवण घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, म्हणजे हा त्रास कळेल. दुसऱ्या महायुद्धात तर युद्धाचे सामानसुद्धा असे हातांनी एका डब्यातून दुसऱ्यात भरावे लागले. ही अडचण दूर झाली १९६२ साली. एका हट्टाची किंमत तब्बल एकोणऐंशी वर्षे मोजावी लागली!

आता दुसरी गोष्ट ऐका. १९०१ साली या वसाहती एक झाल्या. पश्चिमेकडचे राज्य फार दूर. तिथून पूर्वेला यायचे तर जहाजाने. आगगाडीने आपण जोडले जाऊ या भरवशावर ते संघराज्यात आले. मग १९१२ ते १९१७ या काळात पोर्ट ऑगस्टा ते काल्गुर्ली असा सुमारे १,७०० किलोमीटरचा लोहमार्ग घातला गेला. वाटेत नलारबोर नावाचे माळरान आहे. तिथे झाड नाही आणि पाण्याची टंचाई. त्या भागात हे रूळ ४७८ किलोमीटर एका रेषेत, कुठेही वळण न घेता जातात. वाटेत गावे नव्हती, मग तिकिटे कोण काढणार? पण ती गाडी तिकिटांच्या पैशांसाठी नव्हतीच. दिलेला शब्द पाळण्यासाठी आणि देश एक ठेवण्यासाठी ती होती.

तेव्हा लोहमार्ग दोन कारणांनी बांधतात. एक, तुटलेले जोडण्यासाठी. दुसरे, जोडलेल्यांचा वेळ वाचवण्यासाठी. पहिल्या कामाला वस्ती विरळ असली तरी चालते. दुसऱ्या कामाला मात्र गर्दी लागते. जपानने १९६४ साली तोक्यो ते ओसाका या ५१५ किलोमीटरांवर वेगवान गाडी सुरू केली, ती दाट वस्तीतून. आपला मुंबई ते अहमदाबाद मार्ग ५०८ किलोमीटरांचा, आणि त्याच्या वाटेवर सुरत, बडोद्यासारखी शहरे. सिडनी ते मेलबर्न हे अंतर रस्त्याने जवळजवळ नऊशे किलोमीटर भरते, आणि मध्ये बहुतेक शेते, कुरणे अन् लहान गावे.

मग विरळ वस्तीचा देश म्हणून विषय सोडून द्यावा काय? तसेही नाही. इथे सरासरी आपल्याला फसवते. नदीची सरासरी खोली गुडघाभर आहे असे ऐकून कोणी पाण्यात उतरत नाही! ऑस्ट्रेलियाची चारांपैकी तीन माणसे पूर्वेकडच्या तीन राज्यांत राहतात. सिडनी आणि मेलबर्न ही दोन्ही शहरे पन्नास लाखांच्या वर गेली आहेत. त्यांच्यामधला विमानमार्ग जगातल्या अतिशय गर्दीच्या मार्गांपैकी एक आहे. विमान दीड तासात पोचते. आगगाडीला मात्र अकरा तास लागतात.

म्हणूनच १९८४ साली पॉल वाइल्ड या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञाने सिडनी, कॅनबेरा, मेलबर्न अशी वेगवान गाडी सुचवली. कंपन्या पुढे आल्या. पण करांत सवलत मिळेना, म्हणून १९९१ साली तो बेत बारगळला. पुढे सिडनी ते कॅनबेरा असा लहान बेत निघाला, तोही २००० साली सोडून दिला. २०१३ साली सरकारी अहवाल आला. ब्रिस्बेनपासून मेलबर्नपर्यंत १,७४८ किलोमीटर, खर्च ११४ अब्ज डॉलर, आणि सारा मार्ग पूर्णपणे चालू व्हायला २०६५ साल! आज जन्मलेले मूल चाळिशीचे होईल तेव्हा. २०२३ साली यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमले गेले, आणि त्याने आधी न्यूकॅसल ते सिडनी हा सुमारे १६० किलोमीटरांचा तुकडा हाती धरला.

माझ्या मते हा क्रम शहाणपणाचा आहे. जिथे माणसे रोज कामाला जा-ये करतात, तिथे आधी बांधावे. बाकीच्या मार्गासाठी जागा निश्चित करून ठेवावी, आणि तोवर जुन्या मार्गांची वळणे सरळ करून चालत्या गाड्या सुधाराव्यात. अकराचे आठ तास झाले तरी मधल्या लहान गावांना लगेच फायदा होईल. वेगवान गाडी काही प्रत्येक गावी थांबायची नाही. थांबली तर तिचा वेग कसला?

यात एक बाजू आपल्यासारख्या खेड्यातल्या माणसांना चटकन समजेल. नकाशावर रेघ मारायला क्षण लागतो. पण ज्याच्या शेतातून ती गेली, त्याने विहीर खणावी की थांबावे? घर वाढवावे की नाही? गाडी येणार, येणार, असे ऐकण्यात त्याचे अर्धे आयुष्य जाते. अशा माणसाला ‘होय’ किंवा ‘नाही’ हे स्पष्ट सांगणे, हे सरकारचे पहिले कर्तव्य आहे.

शिक्षक मित्रांना एक विनंती. मुलांना ऑस्ट्रेलियाचा नकाशा काढायला सांगा, लोकसंख्येप्रमाणे ठिपके द्यायला लावा, आणि मग विचारा, तुम्ही रूळ कुठून न्याल? मुले काय उत्तर देतात ते पाहा. पण एक प्रश्न त्यांना जरूर घाला: बाळांनो, हे रूळ जोडण्यासाठी की वेळ वाचवण्यासाठी? त्याचे उत्तर आधी ठरवले म्हणजे पुढचा हिशेब चुकत नाही.