प्राध्यापक देवधर : कॉलेजच्या पगारावर उभी राहिलेली कारकीर्द

१/ अमेरिकन फुटबॉलमधील क्वार्टरबॅकची वाट साधारणतः ठरलेली असते : आधी कॉलेजचा संघ, मग व्यावसायिक संघ. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुण्यातील एका कर्णधाराची वाट वेगळी होती. कॉलेज हाच त्याचा व्यवसाय होता आणि क्रिकेट बिनपगारी. त्या कर्णधाराचे नाव दिनकर बळवंत देवधर.

२/ जन्म पुण्यात, १४ जानेवारी १८९२. विषय संस्कृत. १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेल्या आणि पुढे सर परशुरामभाऊंचे नाव मिळालेल्या महाविद्यालयात ते प्राध्यापक होते. प्रथम श्रेणीची कारकीर्द १९११ ते १९४८ : ८१ सामने, ४,५२२ धावा, ९ शतके. सदतीस वर्षांत सामने इतके थोडे, कारण त्या काळी वर्षाकाठी मोठे सामनेच मोजके होत.

३/ मग खेळाडूने पोट कशावर भरायचे? संस्थानिकांचा आश्रय, क्लबची चाकरी किंवा स्वतंत्र नोकरी, असे तीन मार्ग होते. पुण्यातच युरोपियनांच्या क्लबमध्ये महिना ४ रुपयांवर खेळपट्टीची निगा राखणारे बाळू पालवणकर हे दुसऱ्या मार्गाचे उदाहरण. चर्मकार समाजातील या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. पुण्याच्या हिंदू क्लबने मात्र त्यांना मैदानात घेतले, तरी चहा बाहेर, मातीच्या भांड्यात दिला.

४/ देवधर तिसऱ्या मार्गाचे, आणि हा मार्ग सर्वांना सारखा खुला नव्हता. प्राध्यापकीपर्यंत पोहोचवणारे शिक्षण तेव्हा प्रामुख्याने उच्चवर्णीयांच्याच आवाक्यात होते. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत हा भेद उघडा पडला. हिंदू संघातून बाळूंना वगळले गेले आणि नेतृत्वासाठी देवधरांचे नाव पुढे आले. बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली. त्याच हंगामात बाळू उपकर्णधार झाले आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार. देवधरांच्या गुणवत्तेविषयी शंका नाही. पण त्यांची कारकीर्द वाचताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही.

५/ डिसेंबर १९२६. आर्थर गिलिगन यांचा एमसीसी संघ मुंबईत. सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून ११ षटकारांसह १५३ धावा केल्या, ती खेळी आजही सांगितली जाते. त्याच महिन्यात अखिल भारतीय संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. पाहुण्यांशी बरोबरीने खेळता येते, हा विश्वास या दौऱ्याने दिला. दोन वर्षांनी, १९२८ मध्ये, क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले.

६/ भारताची पहिली कसोटी मात्र लॉर्ड्सवर २५ जून १९३२ रोजी सुरू झाली. देवधर तेव्हा चाळीस वर्षांचे होते आणि संघात नव्हते. कसोटीच्या नोंदवहीत त्यांचे नाव कधीच आले नाही.

७/ बहुतेकांची कथा येथे संपली असती. रणजी करंडक १९३४-३५ मध्ये सुरू झाला. देवधरांच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने तो १९३९-४० आणि १९४०-४१ असा लागोपाठ दोनदा जिंकला. पहिल्या विजयाच्या हंगामात पुण्यात बडोद्याविरुद्ध विजय हजारे नाबाद ३१६ धावांवर राहिले.

८/ दुसऱ्या हंगामात पुण्यात गाठ पडली मुंबईशी. महाराष्ट्र ६७५, मुंबई ६५०. निकाल पहिल्या डावातील २५ धावांच्या आघाडीवर लागला. त्या ६७५ पैकी २४६ धावा होत्या पन्नाशीच्या उंबरठ्यावरील कर्णधाराच्या. पन्नाशी ओलांडल्यावरही, १९४४-४५ मध्ये, त्यांनी नवानगरविरुद्ध दोन्ही डावांत शतके काढली.

९/ त्यानंतर हजारे बडोद्याकडे गेले आणि १९४२-४३ चा करंडक बडोद्याने जिंकला. संस्थानाच्या आश्रयाने खेळाडू जगत होता, तसा संघही बदलत होता. देवधर पुण्यातच राहिले. महिन्याचा पगार कॉलेजकडून येत असल्याने त्यांना कोणत्याही दरबाराची मर्जी राखावी लागली नाही, आणि निवृत्तीचा दिवसही त्यांचा त्यांनी ठरवला.

१०/ पद्मश्री १९६५ मध्ये, पद्मभूषण १९९१ मध्ये. १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला देवधर करंडक हे नाव मिळाले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. कसोटी न खेळलेल्या माणसाच्या नावाने करंडक आहे. इंग्लंड गाजवलेल्या बाळूंच्या नावाचा असा राष्ट्रीय करंडक नाही. पुण्याच्या क्रिकेटचा इतिहास या दोन्ही नावांनी मिळूनच पूर्ण होतो.