रतनपूरला भरली असती बैठक

तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक आता 'मरीन ड्राइव्ह' म्हणतात. तिथून पाच मिनिटांवर एका घरी आमचं वाचनमंडळ महिन्यातून एकदा जमतं. सात-आठ जण, निम्मे पिढ्यान्‌पिढ्या रायपूरचेच, बोलता बोलता हिंदीवर घसरणारे. मे २०२५मध्ये जयंत नारळीकर गेले, तेव्हा पुढच्या बैठकीला काय वाचायचं हे कुणाला सुचवावं लागलं नाही.

सुरुवात अर्थात 'कृष्णविवर'च्या किश्शानं झाली. १९७४मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी ही कथा 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी केली, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंकडून प्रत लिहून घेतली आणि बक्षीस मिळवलं.

पण बैठक रंगली ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'वर. यजमानीणबाईंच्या नातीनं ती अकरावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात 'द ॲडव्हेंचर' या नावानं वाचलेली. ही आपल्या भाषेतली कथा, हे तिला त्या दिवशी कळलं! इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अशा जगात पोचतात, जिथं १७६१मध्ये गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून जाते आणि मराठे जिंकतात. इलेक्ट्रॉन नेमका कुठं जाईल हे जसं आधी सांगता येत नाही, तसंच त्या गोळीचं. पुंजभौतिकीतली अनिश्चितता बखरीच्या पानात आणून बसवणं, हा मला या कथेतला खरा प्रयोग वाटतो.

मंडळातले निवृत्त गुरुजी छत्तीसगढी. मराठी शिकून घेतलेले. त्यांनी विचारलं, "त्या जगात आमच्या छत्तीसगढचं काय झालं?"

कथेत याचं उत्तर नाही, इतिहासात थोडंफार सापडतं. नागपूरकर भोसल्यांच्या भास्करपंतांनी १७४१मध्ये रतनपूर घेतलं, १७५८पासून बिंबाजी भोसले तिथंच राहून कारभार पाहू लागले. पानिपतच्या रणात भोसल्यांची फौज नव्हतीच. १७८७मध्ये बिंबाजी वारले आणि पुढं नागपूरहून नेमलेले सुभेदार वसुली करू लागले.

"म्हणजे पेशवे जिंकोत की हरोत, सारा भरणारे आम्हीच," गुरुजी म्हणाले.

मी गप्प. आमचे पूर्वज भोसल्यांच्या कारकुनीत इकडे आले, हे आमच्या घरी अभिमानानं सांगतात. त्या वह्यांत कुणाच्या नावावर काय बाकी होती, हे मी कधी विचारलं नव्हतं.

नात मात्र वेगळाच हिशेब करत होती. १८१७मध्ये सीताबर्डीला भोसले हरले, म्हणून इंग्रज आले. १८१८मध्ये ॲग्न्यू साहेबानं मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलवलं. "गोळी चुकल्यावर हे काहीच झालं नसतं, तर राजधानी रतनपूरलाच राहिली असती. आपली बैठकही तिथंच!"

सगळे हसले. गुरुजीही हसले, मग म्हणाले, "आणि त्या बैठकीत मला बोलावलं असतंत का?"

चहा आला. कपबशा सरकवायच्या निमित्तानं जो तो उठला.