झोका आवरणारे यंत्र

काही वस्तूंच्या नशिबी चुकीचे नाव येते आणि ते जन्मभर चिकटून राहते. मोटारीतल्या शॉक-ॲब्सॉर्बरची गत अशीच आहे. नावावरून वाटावे, की रस्त्यावरचा धक्का हे गृहस्थ गिळून टाकत असतील. वस्तुतः धक्का झेलते ती स्प्रिंग. पण तिचा स्वभाव घेतलेले लगेच परत करण्याचा! चाक वर उचलले गेले की ती दबते, साठवलेली शक्ती उसळून परत देते, पुन्हा दबते, पुन्हा उसळते. मूल उतरून पळाले तरी झोपाळा हलत राहावा, तशी गाडी खड्डा मागे पडल्यावरही डुलत राहते. हा झोका आवरणे हे शॉक-ॲब्सॉर्बरचे खरे काम होय. इंग्रज लोक त्याला ‘डॅम्पर’ म्हणतात, ते नाव अधिक प्रामाणिक आहे. आवरलेल्या झोक्याची उष्णता होते. म्हणूनच खडबडीत रस्त्यावरून आलेल्या गाडीचे शॉक-ॲब्सॉर्बर हाताला गरम लागतात.

हा प्रश्न केवळ बसणाराच्या सुखाचा आहे असे मात्र कोणी समजू नये. उसळणारे चाक क्षणभर रस्ता सोडते, आणि तेवढ्या क्षणापुरता त्या चाकापुरता ब्रेकही निरुपयोगी आणि स्टिअरिंगही. वळणावर वेगाने जाणाऱ्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत तो क्षण जीवावर बेतू शकतो.

घोड्यांच्या बग्गीला ही अडचण फारशी जाणवली नाही. तिचा वेग बेताचा. शिवाय एकावर एक रचलेल्या पोलादी पाट्यांची स्प्रिंग दबताना पाटे एकमेकांवर घासत, आणि त्या घासण्यानेच झोका बराचसा मरत असे. मोटार आली, वेग वाढला आणि पाट्यांचे घर्षण अपुरे पडू लागले. फ्रान्समधल्या ट्रुफो नावाच्या गृहस्थाने त्यावर सोपी युक्ती काढली. कात्रीसारखे दोन दांडे घ्यायचे, त्यांच्या सांध्यात चकत्या बसवायच्या आणि मधला बोल्ट आवळायचा. एक दांडा गाडीच्या सांगाड्याला, दुसरा आसाला. गाडी झोके घेऊ लागली की चकत्या घासतात. अमेरिकेच्या एडवर्ड हार्टफर्डने ही कल्पना उचलली आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘ट्रुफो-हार्टफर्ड’ या नावाने ती मोटारमालकांना विकायला सुरुवात केली.

इथे एक गंमत ध्यानात घ्यावी. जुन्या गाडीला बाहेरून आणलेला शॉक-ॲब्सॉर्बर लावला, की आज काही शौकीन नाके मुरडतात. पण त्या आरंभीच्या काळात बहुतेक गाड्यांना तो मालकाने बाहेरूनच आणून लावलेला असे! आणि जुळवणी तर त्याच्या जन्मापासूनची. बोल्ट आवळला की गाडी कडक, सैल केला की मऊ. 1924 साली शर्यतीत उतरलेल्या बुगाटीच्या टाइप 35 सारख्या नामांकित गाड्यांवरही घर्षणाचेच शॉक-ॲब्सॉर्बर होते. पुढे 1930 नंतरच्या दशकात इंग्लंडच्या आंद्रे कंपनीने चालकाला बसल्या जागेवरून चकत्यांवरचा दाब कमी-जास्त करता येईल अशी ‘टेलिकंट्रोल’ नावाची सोयही काढली.

घर्षणाला मात्र एक खोड आहे. पावसाळ्यात फुगलेला टेबलाचा खण आठवून पाहा. आधी तो हलता हलत नाही. आणि एकदा सुटला की धाडकन अंगावर येतो. चकत्यांचेही तसेच. लहान खड्ड्याला त्या अडून बसतात आणि मोठ्या हिसक्याला पुऱ्या पडत नाहीत. क्लीव्हलंडच्या क्लॉड फॉस्टरने ‘गॅब्रिएल स्नबर’ काढला, त्यात निराळा विचार होता. स्प्रिंग दबताना त्याचा पट्टा सैल पडे आणि उसळताना आवळून धरी. धक्क्याला वाट द्यावी, परतीच्या उसळीला लगाम घालावा, हे मर्म त्याने ओळखले होते. (याच गॅब्रिएल नावाची भारतीय कंपनी 1961 साली मुंबईत निघाली आणि ते नाव आपल्याकडच्या मिस्त्रींच्या तोंडी बसले.)

घर्षणाच्या खोडीवर खरा उतारा निघाला तो तेलाचा. बादलीतल्या पाण्यात हात हळू फिरवा, पाणी वाट देते. जोराने फिरवा, ते विरोध करते. बारीक छिद्रातून ढकललेले तेल असेच वागते: लहान हालचालीला सौम्य, मोठ्या हिसक्याला कठोर. फ्रान्सच्या मॉरिस उदाय याच्या पद्धतीचे तेलाचे शॉक-ॲब्सॉर्बर 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या स्वस्त मॉडेल ए गाडीला चारही चाकांवर कारखान्यातूनच मिळाले, आणि शौकिनांची वस्तू घरोघरच्या मोटारीत आली.

पण कारखान्याने शॉक-ॲब्सॉर्बर दिला, तेव्हा मालकाच्या हातातला पाना बहुधा गेला. 1962 साली इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला तयार होऊ लागलेली एमजीबी पाहा. 1980 पर्यंत या गाड्या पाच लाखांवर निघाल्या. तिचे आर्मस्ट्राँग बनावटीचे दांडीवाले शॉक-ॲब्सॉर्बर मजबूत खरे, पण बाहेरून फिरवण्याजोगी कळ त्यांना नाही. म्हणून हौशी मालक नळीसारखे, जुळवता येणारे शॉक-ॲब्सॉर्बर आणून लावतात. मागच्या चाकांना ते सहज बसतात. पुढे मात्र जपावे लागते. कारण तिथली शॉक-ॲब्सॉर्बरची दांडी हाच चाक धरून ठेवणारा वरचा हात असतो. तो काढून टाकला तर चाकाला धरणार कोण?

अशा जुळवत्या शॉक-ॲब्सॉर्बरमध्ये हॉलंडच्या कोनीचे नाव मोठे. ही कंपनी 1857 साली घोड्यांच्या साजासाठी निघाली आणि 1932 साली शॉक-ॲब्सॉर्बरकडे वळली; म्हणजे बग्गी ते मोटार हा सगळा प्रवास तिने स्वतःच केला! तिचा जुन्या धर्तीचा नग जुळवायचा तर तो गाडीवरून उतरवावा लागतो. उभा धरून दांडा पूर्ण दाबायचा आणि तळाच्या खाचेत तो अडकेपर्यंत हलकेच डावीकडे फिरवायचा. डावीकडे आणखी फिरेनासा झाला की ती सर्वांत मऊ अवस्था. तिथून उजवीकडे प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला कडकपणा वाढतो. असे साधारण पाच अर्धे फेरे मिळतात. मग न फिरवता दांडा सरळ वर ओढून खाचेतून सोडवायचा. या साऱ्या खटाटोपाने वाढतो तो मुख्यतः परतीच्या उसळीवरचा लगाम; फॉस्टरच्या पट्ट्याचाच हा तेलातला वारस म्हणावा.

माणसाचा मोह इथेच आडवा येतो. गाडी स्पोर्ट्स, तेव्हा लगामही शेवटच्या फेऱ्यापर्यंत आवळावा असे वाटते. पण लगाम फाजील झाला, की दबलेली स्प्रिंग पुढचा खड्डा येईपर्यंत सुटतच नाही. खड्ड्यामागून खड्डे आले की गाडी खाली खाली बसत जाते, चाक खळग्यात उतरत नाही, आणि ज्या पकडीसाठी एवढा खटाटोप केला तीच हातची जाते. शिवाय सारे हिसके त्या म्हाताऱ्या सांगाड्याला सोसावे लागतात. मऊ ठेवली तर गाडी डुलते, आवळली तर उडते.

तेव्हा जाणत्याने सर्वांत मऊ अवस्थेपासून सुरुवात करावी. एका आसाची दोन्ही चाके सारखी ठेवावीत. अर्धाच फेरा द्यावा, ओळखीच्या रस्त्यावरून त्याच वेगाने जाऊन यावे आणि फेऱ्यांचा आकडा वहीत टिपावा. खड्डा गेल्यावर गाडी एकदा वर येऊन शांत बसली, की पाना खाली ठेवावा. त्यापुढचा अर्धा फेरा रस्त्यासाठी नसतो, ऐटीसाठी असतो.