चांदबीबीच्या खुनाची तहकीकात

गेल्या वर्षी नववीच्या मुलांना आम्ही उर्दूत एक गोष्ट लिहायला सांगितली. विषय ज्याचा त्याने निवडायचा होता. एका मुलीने अकरा पाने लिहून आणली. चांदबीबीच्या महालावर एका वाटाड्याचा खून होतो. पोलिसांना काही सापडत नाही. मग नगरचा एक जासूस अमावास्येच्या रात्री महालात मुक्काम करतो. मध्यरात्री चांदबीबीची रूह येते, वाटाड्याच्या खुन्याचे नाव सांगते. जासूस विचारतो, "आणि आपला खून कोणी केला?" रूह उत्तर देते, "तेजाबाच्या विहिरीने."

वाचून आम्हाला आधी हसू आले. विहीर कधी खुनी असते का? पण ही विहीर त्या मुलीच्या डोक्यातून निघालेली नव्हती. ती आम्हीही लहानपणी ऐकली होती. किल्ला पडणार हे दिसताच चांदबीबीने तेजाबाच्या विहिरीत उडी घेतली, असे आमची नानी सांगायची.

खून आणि जिन्न-भुते यांची सांगड आपल्याकडे जुनीच आहे. 1883 पासून लखनौच्या नवल किशोर छापखान्यातून 'तिलिस्मे होशरुबा'चे खंड निघू लागले. त्यातला अमर अय्यार वेष बदलतो, माग काढतो, गुपिते फोडतो. त्याला आजच्या जासूसाचा आजोबाच म्हणावे. मात्र त्याच्या जगात जादू खरी असते. इब्ने सफींनी 1952 साली इलाहाबादहून 'जासूसी दुनिया' सुरू केली आणि ही रीत उलटवली. त्यांच्या इमरानची पहिलीच कादंबरी, 1955 ची 'खौफनाक इमारत', एका ओसाड घरात घडते. घरात कबर आहे, तिथे प्रेते सापडतात, लोक भुताखेताचे नाव घेतात. इमरान मात्र माणूस शोधतो. मराठीत बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय याच जातीचा. नारायण धारपांच्या 'समर्थ' कथांत तपास असतो, पण तिथे अमानवी शक्ती खऱ्याच असतात. अब्बांच्या पेटीत इब्ने सफी आणि वाचनालयात धारप, असे आमचे बालपण गेले. त्या मुलीने दोन्ही एकत्र केले होते. गोष्ट म्हणून आम्ही तिला भरपूर गुण दिले, आणि इतिहास म्हणून तहकीकात सुरू केली.

सुरुवातीलाच जागा चुकलेली निघाली. नगरच्या पूर्वेला शाह डोंगरावरची ती अष्टकोनी तीन मजली इमारत चांदबीबीचा महाल नव्हेच. तो मुर्तझा निजामशाहचा वजीर सलाबत खान याचा मकबरा आहे. तिथे रूह यायचीच असेल तर ती सलाबत खानाची यायला हवी! जिल्ह्याचे नाव 2024 मध्ये अहिल्यानगर झाले, पण या मकबऱ्याचे चुकीचे नाव मात्र बदलत नाही.

आता साक्षीदार. मुहम्मद कासिम फरिश्ता निजामशाही दरबारातच वाढला. 1588 मध्ये शाहजादा मीरान हुसैनने बापाला, म्हणजे मुर्तझाला, तापवलेल्या हमामात कोंडून मारले, तेव्हा फरिश्ता पहाऱ्यावर होता. मीरानने त्याला ओळखले म्हणून तो वाचला. पुढच्या वर्षी तो विजापूरला गेला. म्हणजे 1600 साली तो नगरात नव्हता, हे मान्य. पण या दरबारात खून कसे होतात हे त्याने जवळून पाहिले होते.

त्याचा जबाब सरळ आहे. 1596 मध्ये शाहजादा मुरादच्या फौजेपुढे चांदबीबीने किल्ला टिकवला आणि वऱ्हाड देऊन तह केला. 1600 मध्ये दानियाल आणि खानखानान यांनी पुन्हा वेढा घातला. या वेळी सरदारांवर तिचा भरवसा उरला नव्हता. किल्ला सोडावा, आतल्या माणसांचे प्राण वाचवावेत, लहानग्या बहादुर निजामशाहला घेऊन जुन्नरला जावे, असा तिचा बेत होता. तो तिने हमीद खान या खोजा सरदाराला सांगितला. काही ठिकाणी त्याचे नाव जीता खान असे येते. तो रस्त्यावर धावत सुटला आणि ओरडू लागला, चांद सुलतान किल्ला मुघलांना देते आहे! जमाव त्याच्यामागे जनानखान्यात घुसला आणि तिला तिथेच ठार केले. या हकिकतीत विहीर नाही, तेजाब नाही. लवकरच किल्ला पडला, आणि बहादुरशाहला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले.

मग विहीर आली कुठून? आमचा अंदाज असा की ती सोयीची आहे. विहीर असली की मरण कुर्बानी ठरते आणि खुनी उरतच नाही. मारणारे मुघल असते तर नगरकरांनी नावानिशी सांगितले असते. मारणारे किल्ल्यातलेच होते, तिचेच मीठ खाल्लेले. घरातला खून घरातल्यांना सांगणे जड जाते. नानीलाही ते जडच गेले असणार.

हे सगळे आम्ही वर्गात सांगितले. मुलीने वहीतली विहीर खोडली, वर हमीद खान लिहिले आणि विचारले, "सर, जमावातल्या बाकीच्यांची नावे?"

फरिश्त्याने ती दिलेली नाहीत.